उबुंटू जगलेला जमातप्रमुख

दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात, उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या ग्राऊटव्हिल गावाचे प्रमुखपद १९३६ च्या प्रारंभी एका शिक्षकाकडे आले. ॲडम्स महाविद्यालयातील पगारापुढे या पदाचे मानधन अगदीच तुटपुंजे होते. गावकऱ्यांचा आग्रह बराच काळ चालला, तेव्हा कुठे अल्बर्ट लुथुली तयार झाले.

झुलू भाषेत उबुंटू म्हणजे माणूसपण. माणूस एकट्याने माणूस होत नाही, तो इतरांमुळे होतो, असा त्याचा आशय. लुथुली यांनी तो न्यायनिवाड्यात आणला. शिक्षा ठोठावून मोकळे होण्यापेक्षा दोन्ही पक्षांचे ऐकून तुटलेले संबंध सांधण्याकडे त्यांचा कल असे. स्त्रियांना बिअर विकण्यास सरकारची बंदी होती. लुथुली यांनी तिकडे चक्क काणाडोळा केला. सरकारच्या नियंत्रणाखालील प्रमुखाच्या दृष्टीने हे धाडसच होते. ऊस उत्पादकांची संघटनाही त्यांनी पुन्हा उभी केली. १९३८ मध्ये मद्रासजवळील तांबरम येथे झालेल्या ख्रिस्ती मिशनरी परिषदेसाठी ते भारतात येऊन गेले.

१९५२ मध्ये वर्णद्वेषी कायदे मोडण्याची चळवळ सुरू झाली. आफ्रिकन नॅशनल काँग्रेस सोडा किंवा प्रमुखपद सोडा, असे सरकारने बजावले. दोन्ही कामे एकाच लोकांची, मग विसंगती कसली, अशी लुथुली यांची भूमिका होती. नोव्हेंबरमध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आले. डिसेंबरमध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पुढे स्थानबद्धता, राजद्रोहाचा खटला, १९६० मध्ये स्वतःच्या पासची जाहीर होळी. त्याच वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक डिसेंबर १९६१ मध्ये त्यांनी ऑस्लोत स्वीकारले. आफ्रिकेतील ते पहिलेच मानकरी. त्या पैशातून स्वाझीलँडमध्ये निर्वासितांसाठी जमीन घेण्यात आली. काँग्रेसची सशस्त्र शाखा मात्र त्याच महिन्यात उभी राहिली. तिला लुथुली यांची संमती होती काय, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही.

२१ जुलै १९६७ रोजी घराजवळच्या रेल्वेमार्गावर ते गंभीर जखमी अवस्थेत सापडले आणि त्याच दिवशी मरण पावले. मालगाडीची धडक बसल्याचे सांगून चौकशी आटोपण्यात आली. कुटुंबीयांनी हे कधीच मानले नाही. अखेर २०२५ मध्ये चौकशी पुन्हा उघडली गेली. मृत्यू मारहाणीमुळे झाला आणि त्यामागे सुरक्षा पोलिस होते, असा निर्णय पीटरमारित्झबर्गच्या उच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये दिला. शेती करून संसार सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी नोकुखान्या १९९६ मध्येच निवर्तल्या होत्या.