डॉ. कमल रणदिवे : कर्करोगाचा माग घेणारी शास्त्रज्ञ

माझ्या मावशीच्या छातीत गाठ झाली. वर्षभर तिने ती कुणाला सांगितली नाही. दर आठवड्याला ती निलंग्याच्या बाजाराला येई. पण दवाखान्याची पायरी चढली नाही. लाज आड आली. मावशी गेली आणि हा रोग होतो तरी कशाने, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. तेव्हा उत्तरही मीच शोधायला हवे होते. ते शोधताना ग्रंथालयात मला डॉ. कमल रणदिवे भेटल्या.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. मुलीने मात्र संशोधनाची वाट धरली. एम. एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशी अभ्यासल्या. आपल्या बांधावरच्या सीताफळाचे नाव तिथे वाचले आणि त्या मला एकदम जवळच्या वाटल्या.

लग्नानंतर मुंबईत डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्या पीएच. डी. झाल्या. अमेरिकेत काचपात्रात पेशी वाढविण्याचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभी केली. उंदरांवर प्रयोग करून स्तनाच्या कर्करोगाशी आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा संबंध त्यांनी तपासला. म्हणजे माझ्या मावशीच्याच रोगाचा माग! कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले; त्यातून पुढे लस तयार झाली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्या निवर्तल्या.

लस शरीरातील रक्षक पेशींना शत्रूची ओळख करून देते. कर्करोगात अडचण अशी, की शत्रू घरचाच असतो. आपलीच पेशी बिघडते आणि ओळखीच्या चेहऱ्याआड लपते. आता रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी बाहेर काढून, त्यांना ती खूण ओळखण्याजोग्या करून पुन्हा शरीरात सोडतात. कमलताईंच्या संस्थेचे रूप आज खारघरला आहे. तेथील डॉक्टर व मुंबईची आय. आय. टी. यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेल्या अशा भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

हा उपचार सध्या रक्ताच्या काही कर्करोगांसाठीच आहे. मावशीच्या गाठीला तो चालला नसता. तिला वाचवायला कदाचित वेळेवर उच्चारलेला एक शब्द पुरला असता. म्हणून मी आता आईशी, काकूशी याविषयी उघड बोलते. पहिल्यांदा आई पदर तोंडाला लावून गप्प बसली. दुसऱ्यांदा मात्र तिने प्रश्न विचारला.

— बी. ए. द्वितीय वर्ष