बेंबीतून निघालेली हाडे

कुर्तुबा म्हणजे आजच्या स्पेनमधील कॉर्डोबा. त्याच्याजवळच्या मदिना अल-झहरा शहरात इ. स. ९३६च्या सुमारास अबुल कासिम अल-झहरावी जन्मले. त्यांच्या अवजारांची चर्चा पुष्कळ होते, एका रुग्ण स्त्रीची हकिगत मात्र कमी सांगितली जाते.

तिचे मूल पोटातच दगावले. पुन्हा दिवस गेले, तेही दगावले. बऱ्याच काळाने बेंबीपाशी सूज आली, ती फुटून पू वाहू लागला. झहरावींनी खूप दिवस उपचार केले, पण जखम भरेना. मग एक हाड बाहेर आले, काही दिवसांनी दुसरे. पोटात हाड कुठले? ही मृत गर्भाची हाडे, हे त्यांनी ओळखले आणि आणखी बरीच काढली. बाई जगली. जखमेतून थोडा पू मात्र येतच राहिला, आणि तेही हकीमसाहेबांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले.

गर्भाशयाबाहेरील गर्भाच्या सर्वांत जुन्या नोंदींत ही गणली जाते. आज असा गर्भ वेळीच कळला, तर बहुधा बेंबीपाशीच लहानसा छेद देऊन दुर्बिणीने शस्त्रक्रिया होते.

१०१३च्या सुमारास झहरावी वारले. त्यांच्या ३० भागांच्या ‘किताब अल-तसरीफ’मधील शस्त्रक्रियेचा भाग १२व्या शतकात टोलेडो येथे लॅटिनमध्ये उतरला.