थॉमस चिपेंडेल : उधारीच्या बिलांनी जपलेलं नाव

संग्रहालयात जुनी खुर्ची पाहताना मुलं हमखास विचारतात, "ही खरंच तेव्हाची आहे कशावरून?" या प्रश्नाचं छान उत्तर एका इंग्रज सुताराच्या आयुष्यात सापडतं. आज त्यांचीच ओळख करून घेऊया.

थॉमस चिपेंडेल यांचा जन्म १७१८ मध्ये यॉर्कशायरमधील ऑटली या गावी, सुताराच्याच घरी झाला. पुढे ते लंडनला आले. १७५४ मध्ये त्यांनी फर्निचरच्या नमुन्यांचं मोठं चित्रपुस्तक छापलं आणि त्यांचं नाव सर्वदूर झालं. पण पुढच्याच वर्षी कारखान्याला आग लागली. कारागिरांच्या हत्यारांच्या पेट्यासुद्धा जळाल्या! तरीही ते पुन्हा उभे राहिले.

आता गंमत बघा. पुस्तक पाहून कुणीही तशी खुर्ची बनवू लागलं, आणि चिपेंडेल तर आपल्या कामावर सहसा नाव किंवा शिक्का घालत नसत. मग अस्सल वस्तू ओळखायची कशी?

इथे मदतीला येतात त्यांची बिलं. गिऱ्हाईकं मोठी उमराव मंडळी, पण पैसे द्यायला भारी टाळाटाळ. नॉस्टेलच्या वाड्याचे मालक सर रोलंड विन यांच्याकडे तर चिपेंडेल यांना पैशांसाठी पत्रांमागून पत्रं लिहावी लागली. त्याच वाड्यातल्या ग्रंथालयाच्या टेबलाचं १७६७ चं बिल आहे ७२ पौंड १० शिलिंग. बिलातलं वर्णन आणि समोरचं टेबल जुळतं, म्हणून ते निःसंशय त्यांचं ठरतं. ज्या कागदांनी त्यांना जन्मभर मनस्ताप दिला, तेच आज त्यांचे साक्षीदार झाले!

कागद नसेल तर तज्ज्ञ वस्तू उलटी करून पाहतात. हातकरवतीच्या खुणा सरळ असतात, नंतरच्या यंत्राच्या गोल करवतीच्या कमानीसारख्या. सांधे, खिळे, आतलं न रंगवलेलं लाकूडही बरंच काही सांगतं. म्हणूनच जुनं लाकूड घासून नव्यासारखं चकचकीत करायचं नसतं, त्यात पुरावाच पुसला जातो. उन्हानं जडावकामाचे रंग उडतात, हवेतला ओलावा कमीजास्त झाला की लाकूड तडकतं. चिपेंडेल स्वतःसुद्धा फर्निचरबरोबर झाकायची आवरणं पुरवत, बरं का!

१७७९ मध्ये लंडनला त्यांचं निधन झालं. स्कॉटलंडमधील डम्फ्रीज हाऊसचं फर्निचर २००७ मध्ये लिलावाला निघालं होतं. ऐनवेळी ४ कोटी ५० लाख पौंड उभे राहिले आणि वाड्यासकट सगळं वाचलं.

तेव्हा मुलांना एक उपक्रम जरूर द्या. घरातला जुना पाट, पेटी किंवा कपाट उलटसुलट करून पाहायचं, खुणा वहीत लिहायच्या आणि आजी-आजोबांना विचारून त्याची माहिती जोडायची. जुनी पावती सापडली, तर ती मात्र रद्दीत टाकू नका!