दीड डॉलरचे भांडवल आणि मॅडम वॉकर

धंदा करायचा तर हाताशी पैसा हवा आणि आपल्या माणसाच्या हाती पैसा नाही, म्हणून धंदा हा आपला प्रांतच नव्हे, असे आपल्या वस्त्यांतून वर्षानुवर्षे बोलले जाते. उलट, जिद्द असेल तर शंभर रुपयांतूनही कोट्यधीश होता येते, असे व्यासपीठांवरून सांगणारेही आता पुष्कळ झाले आहेत. ही दोन्ही अर्धसत्ये आहेत. पूर्ण सत्य जाणून घ्यायचे असेल तर अमेरिकेतील एका धोबिणीचे चरित्र डोळ्यांखालून घातले पाहिजे.

सारा ब्रीडलव्ह यांचा जन्म २३ डिसेंबर १८६७ रोजी लुइझियाना राज्यातील डेल्टा या गावी झाला. आई-वडील कापसाच्या मळ्यावरचे गुलाम. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर त्या घरात जन्मलेले हे पहिले अपत्य. सातव्या वर्षी त्या पोरक्या झाल्या, चौदाव्या वर्षी लग्न झाले आणि विसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरात दोन वर्षांची मुलगी, लेलिया. भाऊ सेंट लुईस शहरात न्हाव्याचे काम करीत होते, त्यांच्या आधाराने त्या तिथे गेल्या आणि पुढची बरीच वर्षे लोकांचे कपडे धुऊन त्यांनी मुलीचे शिक्षण केले.

याच काळात त्यांचे केस गळू लागले. हे दुखणे त्यांच्या एकटीचे नव्हते. गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत घरात नळ नव्हते, रोजचे स्नान परवडत नव्हते, साबण जहाल होता, त्यामुळे डोक्याच्या त्वचेचे रोग घरोघरी होते. गोऱ्यांच्या दुकानदारीला या बायकांकडे पाहण्याची गरज वाटत नव्हती. ॲनी टर्नबो मलोन या कृष्णवर्णीय उद्योजिकेने मात्र या स्त्रियांसाठी केसांची औषधे बनवली होती. सारा त्यांच्या विक्रेत्या झाल्या. पुढे त्यांच्या स्पर्धकही झाल्या आणि नक्कल केल्याचा आरोपही त्यांच्यावर झाला. हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही. धंदा त्या दुसऱ्याच्या हाताखाली शिकल्या, हे त्यातून स्पष्ट होते.

१९०५ साली त्या डेन्व्हरला आल्या, तेव्हा गाठीशी दीड-एक डॉलर होता. पोटासाठी स्वयंपाकिणीचे काम, उरलेल्या वेळात औषधाची विक्री. १९०६ मध्ये चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी विवाह झाला आणि सारा ब्रीडलव्ह मॅडम सी. जे. वॉकर या नावाने बाजारात उतरल्या. गंधक आणि व्हॅसलिन मिसळून केलेले मलम त्या दारोदार जाऊन, चर्चमध्ये बायका जमवून विकत. वापरायचे कसे, हे स्वतः करून दाखवीत. त्या दक्षिणेकडील राज्ये पालथी घालीत फिरत होत्या, तेव्हा डेन्व्हरला राहून लेलिया टपालाने माल पाठवीत होत्या. धंदा किती वाढवायचा यावरून पतीशी पटले नाही, फारकत झाली, पण काम थांबले नाही.

पिट्सबर्गला त्यांनी लेलिया कॉलेज काढून स्त्रियांना या कामाचे रीतसर शिक्षण दिले. १९१० मध्ये इंडियानापोलिसला कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी कंपनीची कायदेशीर नोंदणी झाली. कंपनीचा कायदेशीर आणि प्रशासकीय कारभार फ्रीमन रॅन्सम या कृष्णवर्णीय वकिलाने सांभाळला. वकिलीच्या व्यवसायात असल्याने हा तपशील मला मोलाचा वाटतो. आपली मुले उमेदीने धंदा काढतात, पण भागीदारीचा कागद नसतो, हिशेबाची वही नसते, आणि मग भांडण घेऊनच ती वकिलाकडे येतात. मॅडम वॉकर यांनी वकील आधीच सोबत घेतला. इंडियानापोलिसच्या एका चित्रपटगृहात गोऱ्यांना दहा सेंट आणि कृष्णवर्णीयांना पंचवीस सेंट दर लावला गेला, तेव्हा त्यांनी दावा ठोकला. त्यांच्या कंपनीची नाट्यगृह असलेली भव्य इमारत त्याच शहरात १९२७ साली उभी राहिली.

आपल्याच लोकांतही त्यांना मान सहज मिळाला नाही. १९१२ साली शिकागोला बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या निग्रो उद्योजक परिषदेत त्यांना बोलू दिले जात नव्हते. अखेरच्या दिवशी त्या आपणहून उभ्या राहिल्या आणि कापसाच्या शेतापासून स्वतःच्या कारखान्यापर्यंतचा प्रवास त्यांनी सभेला ऐकवला. पुढच्या वर्षी त्याच परिषदेने त्यांना वक्त्या म्हणून सन्मानाने बोलावले.

धंद्यातून त्यांनी हजारो स्त्रियांना मोलकरणीच्या कामातून बाहेर काढले, ही त्यांची खरी कमाई होय. १९१७ साली फिलाडेल्फियाला त्यांच्या विक्रेत्या स्त्रियांचे अधिवेशन भरले, दोनशेहून अधिक जणी आल्या. बक्षिसे केवळ जास्त विक्रीसाठी नव्हती, समाजकार्याला जास्त देणगी देणाऱ्यांसाठीही होती. त्या अधिवेशनाने कृष्णवर्णीयांच्या सामूहिक हत्यांविरुद्ध राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार पाठवली. त्याच वर्षी हार्लेमच्या नेत्यांसोबत हेच निवेदन घेऊन त्या व्हाइट हाउसलाही गेल्या होत्या. राष्ट्राध्यक्षांनी भेट नाकारली. १९१९ मध्ये या हत्यांविरुद्धच्या लढ्यासाठी त्यांनी पाच हजार डॉलर दिले आणि त्याच वर्षी २५ मे रोजी, ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. भावी निव्वळ नफ्याचा दोन तृतीयांश वाटा त्यांनी मृत्युपत्राने समाजकार्याला ठेवला होता.

मॅडम वॉकर यांचे पाय हार्लेममध्ये रोवले जात होते, त्याच काळात, १९१३ ते १९१६, जवळच्याच कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकत होते. भारतात परतल्यावर बाबासाहेबांनीही मुंबईत गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. अर्थशास्त्रातील त्यांच्या तोडीचा माणूस त्या बाजारात दुसरा कोण होता? पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि व्यवसाय बंद पडला. विद्वत्तेत काही कमी नव्हते, बाजारच जातीचा होता.

मॅडम वॉकर यांचे गिऱ्हाईक आपल्याच माणसांतले होते, म्हणून दीड डॉलर पुरला. नुसत्या दीड डॉलरने कोणी मोठे होत नाही. शिकवणारी एक बाई होती, टपाल सांभाळणारी मुलगी होती, कागद सांभाळणारा वकील होता आणि दारोदार जाणाऱ्या हजारो जणी होत्या. म्हणून पैसा नाही म्हणून बसून राहणाऱ्याने आणि एकट्याच्या जिद्दीवर विसंबणाऱ्यानेही या धोबिणीकडे पाहावे. वस्तीत कोणते दुखणे आहे ज्याकडे बाजार पाहत नाही, ते आधी शोधावे. दहा माणसे जोडावीत, पहिल्याच दिवशी वही आणि कागद करावा, आणि नफ्यातला समाजाचा वाटाही त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावा.