तालीममास्तर देवल

कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या उसाच्या पट्ट्यातल्या गावात बारावी झालेली मुलगी नाटकाची पदवी घेते म्हणाली, तर घरात पहिला प्रश्न पोटापाण्याचाच निघतो. बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला तो गैर वाटत नाही. पण नाटक हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे, हे दाखवून देणाऱ्यांत गोविंद बल्लाळ देवलांचे नाव आधी घ्यावे लागेल.

देवलांचा जन्म १८५५ सालचा. बेळगावच्या शाळेत अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांचे मास्तर. मॅट्रिकनंतर देवलांनीही तिथेच मास्तरकी धरली. पगार बांधलेला होता. तरी ते नाटकाकडे ओढले गेले, आणि तिथेही मास्तरच राहिले! ‘शारदा’ (१८९९) लिहिणारे देवल सर्वांना ठाऊक. तालीम देणारे देवल फार थोड्यांना. आरडाओरड्यालाच अभिनय समजण्याच्या त्या काळात त्यांचा कटाक्ष स्वाभाविक बोलण्यावर होता. आधी वाक्याचा अर्थ कळला पाहिजे, हातवारे मागाहून. गणपतराव बोडस, बालगंधर्व त्यांच्या हाताखालून गेले. प्रमाणपत्र मात्र कोणालाच मिळाले नाही.

१९१६ साली देवल गेले. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र निघाले ते १९८७ साली. तिथे आज नाटक घेऊन बी.ए. होता येते.