नामदार गोपाळ कृष्ण गोखले : शब्द आणि मत यांचा हिशेब

महात्मा गांधींच्या जीवनावर ज्या मोजक्या पुरुषांचा ठसा उमटला, त्यांत श्रीमद् राजचंद्र यांचे नाव आपल्या समाजात घराघरांत आदराने घेतले जाते. हिऱ्यामोत्यांचा व्यापार करीत असताना गादीशेजारी धर्मचिंतनाची वही ठेवणारे श्रीमद् हे गांधीजींचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते. परंतु गांधीजींनी राजकारणातील गुरू म्हणून ज्यांचा उल्लेख केला, त्या नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र मात्र आज शाळेच्या पाठ्यपुस्तकापलीकडे फारसे वाचले जात नाही. श्रीमदांचा जन्म १८६७ चा, गोखल्यांचा १८६६ चा. श्रीमदांची भेट गांधीजींना १८९१ साली मुंबईत झाली, गोखल्यांची १८९६ साली पुण्यात. दोघेही अल्पायुषी ठरले. एकाने व्यापारात राहून सत्य सांभाळले, तर दुसऱ्याने विधिमंडळात बसून ते सांभाळण्याचा प्रयत्न केला. या दुसऱ्या प्रयत्नात किती यश आले आणि कोठे उणीव राहिली, हे पाहण्यासाठी त्यांची भाषणे व त्यांनी दिलेली मते यांकडेच वळावे लागते.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळील कागल संस्थानात नोकरीस होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना पितृछत्र हरपले आणि थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली. त्या पंधरांतले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत घरातील सर्व माणसांचा निर्वाह होई. पुढे सरकारी तिजोरीच्या कोट्यवधींच्या आकड्यांवर बोलणाऱ्या या माणसाला एका रुपयाची किंमत कोठे कळली असेल, ते वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. शाळेत असताना गणित बरोबर सुटले म्हणून गुरुजींनी पहिल्या जागी बसविले, तेव्हा दुसऱ्याची मदत घेतली होती असे सांगून गोपाळ रडू लागला, ही आख्यायिका बहुतेकांना ठाऊक आहे.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षे अध्यापन करण्याची प्रतिज्ञा त्यांनी केली. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक अनेक शाळांतून लावले गेले. याच काळात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे शिष्यत्व त्यांना लाभले. सरकारी अहवाल आणि जमाखर्चाची पत्रके ओळीने वाचावयाची, त्यांतून मुद्दे काढावयाचे व चूक राहिल्यास पुन्हा लिहावयाचे, अशी ती शिकवणी होती. रानडे सहजासहजी समाधान मानीत नसत.

१८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडला गेले. हिंदुस्थानच्या खर्चाविषयी त्यांची उलटतपासणी झाली आणि एकतीस वर्षांच्या या प्राध्यापकाने ती यशस्वीपणे पेलली. परंतु याच दौऱ्यात त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग ओढवला. त्या वेळी पुण्यात प्लेगची साथ होती व घरांची तपासणी गोरे सैनिक करीत होते. तपासणीच्या वेळी सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतील एकीने प्राण दिले, अशा आशयाची पत्रे पुण्याहून आली. पत्रे लिहिणारे विश्वासातील असल्यामुळे गोखल्यांनी तो मजकूर इंग्लंडमधील वृत्तपत्रात जाहीर केला. मोठी खळबळ उडाली. सरकारने पुरावा मागितला. ३० जुलै रोजी बोट मुंबईच्या बंदरात लागली, तेव्हा पोलीस कमिशनर प्रत्यक्ष बोटीवर आले. मित्रांकडे चौकशी करता पुराव्यानिशी पुढे येण्यास कोणीही तयार झाले नाही. पत्रलेखकांची नावे सांगून मोकळे होणे शक्य होते, पण ती त्यांनी सांगितली नाहीत. आपण केलेला आरोप आपण सिद्ध करू शकत नाही, हे मान्य करून त्यांनी गव्हर्नर, प्लेग समितीचे सभासद व सैनिक यांची जाहीर आणि बिनशर्त क्षमा मागितली.

या क्षमायाचनेबद्दल त्यांची फार निंदा झाली. स्वकीयांनी त्यांना भित्रा ठरविले. त्याच वर्षी अमरावतीला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनात त्यांना व्यासपीठावर बोलणेही अशक्य झाले. सैनिकांचे वर्तन निर्दोष होते असे कोणी म्हणणार नाही, आणि पुण्यातील जनतेचा संताप निराधार नव्हता. तरीही श्रावकाच्या सत्याणुव्रतात सहसाभ्याख्यान, म्हणजे पुरता विचार न करता एखाद्यावर आरोप करणे, हा अतिचार मानला आहे व प्रतिक्रमणात त्याची आलोचना सांगितली आहे. ज्यांना हे ठाऊक आहे, त्यांना गोखल्यांच्या कृतीत भित्रेपणा दिसणार नाही. त्यानंतर प्लेग पुन्हा आला तेव्हा हेच गोखले स्वयंसेवक होऊन पुण्याच्या गल्ल्यांतून रुग्णांची व्यवस्था पाहत होते. एवढे मात्र खरे, की यापुढे पुराव्यावाचून एक वाक्यही त्यांच्या मुखातून बाहेर पडले नाही.

१८९९ साली ते मुंबई कायदे कौन्सिलात निवडून आले. १९०१ साली शेतजमीन गहाण टाकण्याच्या व विकण्याच्या शेतकऱ्याच्या अधिकारावर मर्यादा आणणारे विधेयक सरकारने आणले. जमिनी सावकारांच्या घशात जातात, हे त्यामागील कारण दिले होते. सावकारांत मारवाडी व गुजराती पेढीवाले पुष्कळ असल्यामुळे आपल्या समाजाचाही त्याशी संबंध होता. शेतकऱ्याला दुसरीकडे स्वस्त कर्ज मिळण्याची सोय न करता त्याची पत तेवढी काढून घेतली जात आहे, असा गोखल्यांचा आक्षेप होता. विधेयक पुढे ढकलावे ही सूचना फेटाळली गेली, तेव्हा सर फिरोजशहा मेहता यांच्यासह ज्या सभासदांनी सभात्याग केला, त्यांत गोखलेही होते. पुढे मेहतांच्या जागी ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

कौन्सिलची बैठक हिवाळ्यात कलकत्त्यास भरे. पुण्याहून निघालेली गाडी खंडाळ्याचा घाट उतरून कर्जत, बदलापूर, अंबरनाथ अशी कल्याणला येई व तेथून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग फुटे. आज आपण ज्या रुळांवरून रोज मुंबईस जातो, त्याच मार्गाने सरकारी पत्रकांची बाडे घेऊन गोखले वर्षानुवर्षे ये-जा करीत होते.

त्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण २६ मार्च १९०२ चे. त्या काळी सभासदांना अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकारच नव्हता. वर्षातून एकदा बोलावयाचे आणि खाली बसावयाचे. सरकारने सुमारे सात कोटींची शिल्लक दाखविली होती व सर्वजण अभिनंदन करीत होते. दुष्काळ व प्लेग यांनी गांजलेल्या देशात तिजोरी भरलेली असणे हे भरभराटीचे लक्षण नसून कर गरजेपेक्षा अधिक असल्याचे लक्षण आहे, असे गोखल्यांनी आकड्यांनिशी मांडले. व्यापाऱ्याला हा मुद्दा चटकन कळतो. गिऱ्हाईक कंगाल होत असताना गल्ला फुगत असेल, तर भावात काहीतरी चुकते आहे.

मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. गरिबाच्या भाकरीवरचा हा कर कमी व्हावा, यासाठी गोखले दरवर्षी बोलत. १९०३ साली तो दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया. १९०३ सालीच प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून एक हजार रुपयांवर गेल्यामुळे अनेक लहान दुकानदार त्या करातून सुटले. हे सर्व एकट्या गोखल्यांमुळे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण तिजोरीत शिल्लक होतीच. पण ती शिल्लक कोणाची आहे, हे सभागृहात वारंवार सांगणारा आवाज मुख्यतः त्यांचा होता.

कापडाच्या व्यवसायातील मंडळींनी त्यांचे आणखी एका गोष्टीसाठी स्मरण ठेवावयास हवे. लँकेशायरच्या गिरणीमालकांचे समाधान करण्यासाठी १८९६ पासून हिंदुस्थानातील गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसविण्यात आला होता. परदेशी मालावर जेवढी जकात, तेवढाच कर स्वदेशी मालावरही! मुंबई व अहमदाबादच्या गिरण्यांना आणि पर्यायाने कापड बाजाराला हा कर जाचत असे. तो रद्द करावा ही मागणी गोखल्यांनी अंदाजपत्रकाच्या भाषणांतून केली, पण त्यांच्या हयातीत ती मान्य झाली नाही. १९२३ नंतरच्या मध्यवर्ती विधिमंडळात अहमदाबादचे शेठ कस्तुरभाई लालभाई निवडून गेले. पुढे शेठ आणंदजी कल्याणजी पेढीचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेले तेच हे कस्तुरभाई. त्यांनीही या करासाठी आवाज उठविला, आणि १९२५ च्या डिसेंबरात तो स्थगित होऊन पुढील वर्षी रद्द झाला. मागणी करणाऱ्याला जाऊन तेव्हा दहा वर्षे लोटली होती.

१९०९ च्या सुधारणांनंतर सभासदांना ठराव मांडण्याचा व त्यावर मत घेण्याचा अधिकार मिळाला. मात्र सरकारी सभासदांचे बहुमत कायम राहिले. नाताळला मजूर पाठविणे बंद करावे, हा गोखल्यांचा १९१० चा ठराव सरकारने मान्य केला. दोन वर्षांनी करारबद्ध मजुरीची पद्धतच समूळ बंद करावी, असा ठराव त्यांनी आणला. त्याच्या बाजूने बावीस व विरुद्ध तेहतीस मते पडली आणि ठराव फेटाळला गेला. ती पद्धत पुढे १९१७ साली थांबली.

याच कालखंडात त्यांचे एक मत असे आहे, की ज्याचे समर्थन करणे त्यांच्या चाहत्यांनाही जड जाते. १९०७ साली सभाबंदीच्या विधेयकाला त्यांनी कसून विरोध केला होता. परंतु १९१० च्या फेब्रुवारीत मुद्रणालये व वृत्तपत्रे यांच्यावर जामीनकीचे जोखड घालणारे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्यास मुळातून विरोध केला नाही. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा वध नुकताच झाला होता व वातावरण तापलेले होते. कायद्याची मुदत तीन वर्षे असावी ही त्यांची उपसूचना फेटाळली गेली. शेवटी विरोधात मत देणारे दोघेच निघाले, पंडित मदनमोहन मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसू. तो कायदा १९२२ पर्यंत राहिला व अनेक वृत्तपत्रांना त्याची झळ लागली. गोखल्यांच्या सावध स्वभावाने येथे त्यांना दगा दिला, असेच म्हणावे लागते. चरित्र लिहिताना हे पान वगळणे योग्य नाही.

त्यांनी सर्वाधिक जीव ओतला तो प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात. पाचांपैकी चार खेड्यांत शाळा नाही आणि चारांपैकी तीन मुले निरक्षर राहतात, हे सरकारनेच १९०४ साली मान्य केले होते. मुलींची स्थिती तर त्याहून वाईट होती. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. मग ब्रिटिश मुलखात ते का नसावे, हा साधा प्रश्न होता. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयक सादर केले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, तेही ज्या नगरपालिकेची वा लोकल बोर्डाची तयारी असेल तेथेच, सक्ती लागू करावयाची. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावयाचा. दरमहा दहा रुपयांहून कमी प्राप्ती असणाऱ्या पालकांकडून फी घ्यावयाची नाही. याहून सौम्य विधेयक कल्पिणे कठीण. वर्षभर ते प्रांतोप्रांती अभिप्रायासाठी फिरले. खर्चाचे भय, सक्तीचे भय, शेतमजूर शिकला तर शेतात कोण राबेल हे भय, अशी नाना भये पुढे आली. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झाले. विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवावे या बाजूने तेरा आणि विरुद्ध अडतीस. विरोधकांत सरकारी अधिकारी होते, तसे हिंदी जमीनदारही होते. आपला पराभव होणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते व तसे सांगूनच ते बोलावयास उभे राहिले होते.

मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली नगरपालिकांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. साऱ्या देशासाठी मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क प्रत्यक्ष अमलात यावयास १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

विधेयक बुडाले त्याच वर्षी गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. मधुमेहाने प्रकृती ढासळली होती. गांधीजींनी तेथे त्यांची अहोरात्र सेवा केली. हिंदी मजुरांवरील तीन पौंडांचा कर उठविला जाईल, असा विश्वास घेऊन ते परतले. तो कर उठला नाही, तेव्हा गांधीजींनी सत्याग्रह पुकारला व गोखल्यांनी आजारपणात गावोगाव फिरून त्यासाठी निधी जमविला. १९१४ साली कर रद्द झाला. त्याच वर्षी देऊ केलेला ‘सर’ हा किताब गोखल्यांनी नम्रपणे नाकारला. १९०५ साली स्वतः स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या साध्या निवासात ते राहत होते आणि तेथेच त्यांना राहावयाचे होते.

१९१५ च्या जानेवारीत गांधीजी स्वदेशी परतले. वर्षभर देश पाहावा व तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये, असे वचन गोखल्यांनी त्यांच्याकडून घेतले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात गोखल्यांचे निधन झाले. स्मशानात लोकमान्य टिळकांनी, आयुष्यभराचा मतभेद बाजूस ठेवून, त्यांना आदरांजली वाहिली. गांधीजी त्या वेळी शांतिनिकेतनात होते. तारेने वार्ता कळताच त्यांनी पायांतील वहाणा काढल्या व पुढे एक वर्ष ते अनवाणी चालले.