लोखंडावरचे रंग आणि सॅम्युअल कोल्ट

रिव्हॉल्व्हर या शस्त्राशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, त्या सॅम्युअल कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. १८३० साली तो 'कॉर्व्हो' या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याच्या सफरीला निघाला आणि त्याच प्रवासात त्याने फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला. परतल्यावर भांडवल उभारण्यासाठी 'डॉ. कूल्ट' हे नाव घेऊन तो गावोगाव हास्यवायूचे प्रयोग दाखवत हिंडला. जाहिरातीत कलकत्त्याचा उल्लेख करण्यास तो विसरत नसे.

१८३६ मध्ये त्याला अमेरिकन पेटंट मिळाले. मात्र पॅटर्सन येथील त्याचा कारखाना १८४२ मध्ये बंद पडला. मेक्सिकोशी युद्ध पेटल्यावर कॅप्टन सॅम्युअल वॉकरच्या पुढाकाराने १,००० रिव्हॉल्व्हरची सरकारी मागणी आली आणि त्याचे दिवस पालटले. पुढे हार्टफर्डला परतून त्याने १८५५ मध्ये भव्य कारखाना उभारला. एलिशा रूट या कुशल तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली तेथे यंत्रांनी एकसारखे सुटे भाग घडू लागले.

कोल्टच्या रिव्हॉल्व्हरची नळी गडद निळी असे. सांगाडा आणि घोडा यांवर मात्र निळ्या, तपकिरी, राखाडी छटांचे ढग दिसत. हे रंग निव्वळ सजावटीचे नव्हते. सांगाड्याचे लोखंड मऊ असल्याने घर्षणाने ते लवकर झिजले असते. म्हणून सुटे भाग हाडांच्या व चामड्याच्या कोळशात भरून, बंद पेटीत लालभडक होईपर्यंत तापवत व मग एकदम पाण्यात सोडत. कोळशातील कार्बन पृष्ठभागात शिरून वरचा थर कठीण होई, आतला गाभा मात्र चिवट राही. 'केस हार्डनिंग' ती हीच. पाणी देताना पृष्ठभागावर ऑक्साइडचा जो अत्यंत पातळ थर बसे, त्यातून हे रंग उमटत. त्यामुळे कोणतेही दोन सांगाडे तंतोतंत सारखे दिसत नसत. एकसारखेपणाचा ध्यास घेतलेल्या कारखान्यातून निघालेली ही विविधता लक्षणीय म्हटली पाहिजे.

कोल्टची कारकीर्द निष्कलंक नव्हती. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू होईपर्यंत त्याने दक्षिणेकडील राज्यांनाही शस्त्रे विकली आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकेची झोड उठली. १० जानेवारी १८६२ रोजी, वयाच्या अवघ्या ४७व्या वर्षी, त्याचे निधन झाले. १८६४ मध्ये कारखान्याचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला. पत्नी एलिझाबेथने तो पुन्हा उभारला. तेथूनच १८७३ मध्ये बाहेर पडलेल्या प्रसिद्ध लष्करी रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावरही तेच रंग होते.

हाताळणीने आणि उन्हाने हे रंग विटतात. जुन्या शस्त्राला तीच प्रक्रिया पुन्हा करून नवी झळाळी आणणारे कारागीर आजही आहेत. तथापि त्यासाठी आधी पृष्ठभाग घासावा लागतो आणि त्यात मूळ कोरीव अक्षरे व कडा बोथट होतात. पुन्हा तापवून पाण्यात सोडताना सांगाडा वाकण्याचाही धोका असतो. म्हणूनच नव्याने चढवलेल्या झळाळीपेक्षा विटलेल्या मूळ रंगाला संग्राहक अधिक मोल देतात. कोल्टच्या हयातीतील कारागिरांच्या हातचा तो शेवटचा पुरावा असतो आणि एकदा घासून गेला की तो परत आणता येत नाही.